पिशवी काढायची घाई नको

चि. अभय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, काढून टाक एकदाची गर्भपिशवी, कटकट मिटेल." घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले. मुलाला असलं सांगायची आपल्याकडे रीत नाही, पण तुला कळायला हवं.

वर्षभर मी हे अंगावर काढलं. वीस दिवसांनी पाळी यायची नि बारा-बारा दिवस जायचं. गाठी पडायच्या. रात्री अंथरुणावर जुनं लुगडं चौपदरी घालून झोपायची. "वयच आहे" असं सगळ्या जणी म्हणायच्या. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.४.

डॉक्टरीणबाईंनी आधी तारखा विचारल्या. मी खिळ्यावरचं कालनिर्णयच काढून नेलं होतं, लाल पेनाच्या फुल्यांसकट. मग थायरॉईड, सोनोग्राफी. पिशवीचं आतलं अस्तर जाड दिसलं, म्हणून बायोप्सी. बारीक नळीने तिथेच दोन-चार मिनिटांत तुकडा घेतला. कळ आली, पण सोसवली. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर ही तपासणी टाळायची नसते, कॅन्सर नाही ना हे बघायला.

नाही, बाळा. अस्तर नुसतं वाढलंय. या वयात दर महिन्याला बीज सुटत नाही, मग प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही नि अस्तर साचत जातं. त्यासाठी हार्मोनची तांबीसारखी वस्तू आत बसवली आहे. पहिले काही महिने थोडं थोडं डाग लागणार म्हणाल्या. लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून झालं.

आता तुझ्या मावशीचं. तेहतिसाव्या वर्षी, बायोप्सी न करता, तिची पिशवी काढली, सोबत अंडाशयंही. चाळिशीतच हाडं ठिसूळ झाली. न्हाणीत घसरल्याचं निमित्त नि मनगट मोडलं. बीडच्या ऊसतोड बायकांचं तर २०१९ मध्ये सरकारी सर्वेक्षण झालं, ब्याऐंशी हजारांत तेरा हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. गरज असेल तेव्हा काढावीच लागते. पण आधी कारण शोधतात, मग औषध, आणि ऑपरेशन शेवटी.

सहा महिन्यांनी पुन्हा बायोप्सी आहे. जमलं तर तेव्हा ये.

आणि सूनबाईंचं दहा दिवस जातं म्हणे. त्यांचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं, ते विचार आणि मला कळव.

तुझी
आई