ट्रेलर घेऊन मनालीला निघण्याआधी

दादर, मुंबई
१२ डिसेंबर

प्रिय मंद्या,

जानेवारीत गाडीमागे राहायचा ट्रेलर जोडून मनालीला निघालास, मजा आहे! हीटर कुठला घेऊ म्हणतोस, पण आधी ओलीचं बघ.

रात्रभरात दोघांच्या श्वासाघामातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जातं आणि काचेवर, पत्र्यावर, गादीखाली जमतं. सकाळी वाटतं छत गळलं. मग लोक मिळेल त्या फटीत सिलिकॉन कोंबतात आणि ओल आणखी वाढते. छतावरचा व्हेंट दोन बोटं उघडा ठेव, खाली समोरच्या टोकाला एक जाळीही. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की ओल ओढून घेते. गादीखाली प्लास्टिक अंथरायची आपली पावसाळी सवय तिथे नको. लाकडी पट्ट्या टाक, दोन पट्ट्यांत बोटभर फट सोड.

भिंतींना एसीच्या डक्टवर लावतात ती काळी नायट्राइल रबर शीट चिकटव, १९ मिमीची. भिंतीच्या सांगाड्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्याही झाक, नाहीतर नेमक्या त्याच रेषेत थेंब धरतात.

शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ होते, शिवाय कार्बन मोनॉक्साइडची भीती.

तेव्हा धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटरच घे. १४ फुटी ट्रेलरला २ किलोवॅट पुरे. ५ किलोवॅटचा घेऊन मंद चालवलास तर आत काजळी धरते. छोटाही दिवसातून वीस मिनिटं पूर्ण जोरात चालव. हवा ओढणारी आणि धूर सोडणारी, दोन्ही नळ्या फरशीखालून बाहेर काढ, तोंडं एकमेकांपासून लांब ठेव. पेटताना तो १२ व्होल्टवर ८-१० अँपिअर खेचतो. वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं, हीटर एरर दाखवून बसतो आणि माणूस उगाच हीटरला शिव्या घालतो. लोहार चाळीतून ४ चौरस मिमीची तांब्याची केबल आण. बंद करताना मेन स्विच मारू नकोस. पंखा आतलं चेंबर गार करून आपणच थांबतो.

आता डिझेल. मुंबईत भरलेल्या डिझेलमध्ये वरच्या थंडीत मेण धरतं, आधी फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते याचसाठी. गाडीतलं डिझेल वाटेत संपून बदलतं, पण हीटरची वेगळी टाकी मुंबईचीच राहते. ती इथून रिकामीच ने, वर गेल्यावर तिथल्या पंपावर भर.

लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नकोस, आत पलंगाखाली ठेव. पाण्याची टाकी, पंप, नळ्या रोज रात्री रित्या कर. गोठलं की आधी पंप फुटतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर लाव आणि निघण्याआधी बटण दाबून बघ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या