क्रेडिट जमा व्हायला किती महिने?

संपादक साहेब, स.न.

मी सांगलीचा, एक सेमिस्टर भुवनेश्वरला एक्सचेंजवर काढून आलोय. पुण्यातनं कोणार्क एक्सप्रेस पकडली, पिशवीत घरचं भडंग, आणि आईला एकच टेन्शन की पोरगं खाणार काय. खाल्लं की, पखाळ म्हणजे पाण्यात आंबवलेला भात, पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं पण एप्रिलच्या उन्हात रोज तेच मागायला लागलो. उडिया लिपी मात्र शेवटपर्यंत जिलेबीच वाटली! 'एक भारत श्रेष्ठ भारत' या राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्राच्या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशीच आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं, इथं कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं.

आता खरा मुद्दा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2021 ला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली, तिकडं मिळवलेले क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे पॉइंट, खात्यात जमा होऊन इकडं डिग्रीत धरायचे, असं कागदावर आहे. पण आमच्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणतात विद्यापीठात विचारा, विद्यापीठात म्हणतात कॉलेजचं पत्र आणा, तीन महिने झाले नुसत्या चकरा मारतोय. पुढच्या पोरांना पाठवायच्या आधी निदान तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाला धरणार, हे तरी लिहून द्या.

– एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली