प्रकल्प निवडण्याआधी हा माहितीपट दाखवा

संपादक महोदय,

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरण्याआधी नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ‘आर्डवार्क्ड’ हा 2005 चा माहितीपट मुलांना दाखवावा, ही कळकळीची विनंती. न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक कंपनीत चार इंटर्न 12 आठवड्यांत ‘कोपायलट’ नावाचे सॉफ्टवेअर उभे करतात. दूरच्या माणसाच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे दिसावा आणि बिघाड इथूनच काढता यावा, एवढेच त्याचे काम. दोन्ही संगणक राउटरच्या आड असले की थेट जोडणी सहसा लागत नाही. म्हणून दोघेही मधल्या सर्व्हरला जोडले जातात आणि तो इकडचे तिकडे पोहोचवतो. पडदा दाखवणारा भाग मुलांनी नव्याने लिहिलाच नाही. व्हीएनसी हे खुले सॉफ्टवेअर घेतले. काय लिहायचे नाही हे आधी ठरले, म्हणून 12 आठवडे पुरले.

आपल्याकडे दोन सत्रे हाताशी असतात. तरी प्रकल्प एका लॅपटॉपवर चालतो, ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा छापील अहवाल, बांधली जाते आणि व्हायवानंतर, म्हणजे तोंडी परीक्षेनंतर, तो प्रकल्प कोणी उघडत नाही. वापरणारा माणूसच ठरलेला नसतो!

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही करायला घ्या. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण आणि पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस. रकाने पाचच. तिसऱ्या आठवड्यात ती बागेत नेली की खरे काम सुरू होते. रेंज नसते, म्हणून नोंद आधी मोबाइलमध्येच साठवावी लागते. पुढे नोंद सर्व्हरवर पोहोचते, पण पोच परत येण्याआधी रेंज जाते; मोबाइल तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि एक फवारणी दोनदा दिसते. उपाय असा, की प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक मोबाइलनेच द्यावा आणि तो आधी आलेला असेल तर सर्व्हरने नोंद पुन्हा घेऊ नये. ‘गोऱ्हे’ या आडनावातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसतो सारखाच, शोधात मात्र नाव सापडत नाही. साठवतानाच एक रूप करून घ्यावे. पीडीएफमध्ये जोडाक्षरे सुटी पडतात, कारण पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्रऱ्यांना, म्हणजे तयार कोडच्या संचांना, देवनागरीची जुळणी येत नाही. तिथे ब्राउझरमधूनच पीडीएफ काढणे बरे.

माहितीपटात माणसे जास्त आणि कोड कमी दिसतो, त्यामुळे तो दाखवल्यावर अध्यापकांनी तासभर तांत्रिक बाजू समजावून सांगावी. आणि व्हायवाच्या वेळी, बाहेरच्या तीन माणसांनी महिनाभर सॉफ्टवेअर वापरल्याची सर्व्हरवरची नोंद मुलांकडे मागावी.

— संगणक अभियांत्रिकीचे दोन अध्यापक, नाशिक