मताला धर्माची चाळणी नको, परदेशी रहिवाशांच्या बाबतीतही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निवडणूक जवळ आली की ‘यादीत परदेशी घुसले’ अशी ओरड सुरू होते. पाठोपाठ ‘तिकडून आलेल्या आपल्या माणसांना मत कधी मिळणार’ हा प्रश्नही येतो. दोन्हीकडे परदेशी कोण आणि आपला कोण हे बहुतेक वेळा धर्मावरून ठरवले जाते. धर्मनिरपेक्षतेचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे गुळमुळीत बोलून चालणार नाही. लोकसभा-विधानसभेचे मत नागरिकालाच असावे, पण नागरिक होण्याची वाट सगळ्यांना सारखी असावी. महापालिकेपुरते मत द्यायचे झाले तर ते किती वर्षे राहिला यावर द्यावे. कोणत्या देवाला मानतो, हा प्रश्न कुठल्याच अर्जात नसावा.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. संविधानाचा अनुच्छेद ३२६ लोकसभा-विधानसभेचे मत १८ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला देतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चे कलम १६ नागरिक नसलेल्याला यादीबाहेर ठेवते. या दोहोंच्या आधी येणारा अनुच्छेद ३२५ मात्र चर्चेत क्वचितच निघतो. एका मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी, आणि धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कोणालाही वगळता येणार नाही, असे तो सांगतो. १९०९ च्या सुधारणांनी आणलेले धर्मवार विभक्त मतदारसंघ याच ओळीने संपले. मतदार नोंदणीचा नमुना ६ हातात घेऊन पाहा. नाव, नातेवाइकाचे नाव, आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता, लिंग, दिव्यांगत्व आणि शेवटी ‘मी भारताचा नागरिक आहे’ अशी घोषणा. धर्माचा रकाना त्यात नाही.

आता दुसरा अर्ज. नागरिकत्व (सुधारणा) कायदा २०१९ चे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन अर्जदाराला ‘हा अमुक समाजाचा आहे’ असे स्थानिक, नावाजलेल्या सामाजिक संस्थेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मतदाराच्या अर्जातून पंच्याहत्तर वर्षांपूर्वी काढलेला रकाना नागरिकत्वाच्या दारात पुन्हा आला, तोही एखाद्या संस्थेच्या शिक्क्यावर अवलंबून. देशीयकरणाने, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे, नागरिक व्हायचे असेल तर इतरांना अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांतली ११ वर्षे भारतात काढावी लागतात. या सहा समाजांना ५ वर्षे पुरतात. नागपुरात जरीपटक्यासारख्या सिंधी वस्तीत तिकडून आलेल्या लोकांचे हाल कोणाला ठाऊक नाहीत? त्यांना मिळालेली सवलत काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. ५ वर्षे पुरेशी असतील तर ती सर्वांनाच पुरेशी ठरवा, एवढेच आमचे म्हणणे आहे. वर्तन चांगले असणे आणि आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी येणे या अटी सर्वांना आहेतच. ती भाषा मराठी असली तरी चालते.

१९४८ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या बनू लागल्या तेव्हा फाळणीतून आलेल्या निर्वासितांचे नागरिकत्व ठरलेलेच नव्हते. इथे कायम राहण्याचा इरादा आहे, एवढ्या घोषणेवर त्यांची नावे तात्पुरती नोंदवली गेली. त्या घोषणेसोबत कुठल्याही समाजाच्या संस्थेचे पत्र लागत नव्हते.

प्रत्यक्षात घोळ कुठे होतो, तर आधार कार्डात. अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कोणत्याही रहिवाशाला, परदेशी माणसालासुद्धा, आधार मिळू शकते. आधार कायद्याचे कलम ९ स्पष्ट आहे: हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्याला आधार, पॅन, वाहन परवाना, बँक खाते हे सगळे मिळू शकते. ओसीआय कार्डधारकाच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाच्या) कार्डावर तर ‘सिटिझन’ हा शब्दच छापलेला असतो. नोंदणी शिबिरात कोणीतरी ‘आधार आहे ना, भरा नमुना ६’ म्हणतो, अर्जदार शेवटची घोषणा न वाचता सही करतो आणि नाव यादीत चढते. पुढे पासपोर्टची किंवा नागरिकत्वाची फाइल उघडली की हे बाहेर येते. खोट्या घोषणेला लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आणि पक्षांच्या शिबिरांतल्या कार्यकर्त्यांनी आधारच्या आधी एक प्रश्न विचारावा: तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा? आडनाव ऐकून ठरवू नये.

उलट बाजूची चूक अधिक जाचक असते. यादीतल्या नावावर हरकत घ्यायला नमुना ७ असतो. ‘भारतीय नागरिक नाही’ हे त्यातल्या कारणांपैकी एक. हरकत घेणारा त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो आणि खोटे लिहिल्यास त्यालाही कलम ३१ लागू होते. तरीही एका मोहल्ल्याची नावे उचलून गठ्ठ्याने अर्ज टाकले की नोटिसा निघतात, आणि रोजंदारीवरचा माणूस कामाचा दिवस बुडवून सुनावणीला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लाल बाबू हुसेन प्रकरणात ठरवले की आधीच्या यादीत ज्याचे नाव आहे, त्याच्याबाबत नोंदणी अधिकाऱ्याने नीट विचार करूनच ते घेतले असे गृहीत धरावे. संशयाचे कारण त्याला कळवायला हवे आणि त्याचे म्हणणे ऐकायला हवे. नाव कापले गेले तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिले अपील आणि त्यांच्या आदेशानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे. बहुतेकांची पहिली मुदत लेखी आदेश मागण्यातच निघून जाते. आदेशाची प्रत त्याच दिवशी मागावी, तारखेसह.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या नोर्गेलिंग वसाहतीतल्या तिबेटी लोकांचा प्रश्न वेगळाच आहे. थंडीत स्वेटर विकणारे तिबेटी सर्वांच्या ओळखीचे, पण त्यांतले बरेच कायद्याने परदेशी नाहीतच. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कोणीही असोत, जन्माने नागरिक आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये अशा तिबेटींची नावे नोंदवा असे राज्यांना कळवले. त्यांचा धर्म किंवा चेहरा पाहून दिलेला हा अधिकार नाही, तो जन्मतारखेतून आलेला आहे. हाच नियम दुसऱ्या कोणाला लावताना आवाज चढत असेल, तर त्यामागचे कारण कायद्याबाहेर शोधावे लागेल.

बाहेरच्या देशांत धर्मनिरपेक्ष मंडळींचेही यावर एकमत नाही. फ्रान्समध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मितराँ यांनी १९८१ मध्ये परदेशी रहिवाशांना नगरपालिकेचे मत देण्याचे वचन दिले. २०११ मध्ये सिनेटने मंजुरीही दिली, पण घटनादुरुस्ती पूर्ण झालीच नाही. धर्म आणि शासन वेगळे करणाऱ्या तिथल्या १९०५ च्या कायद्याचे खंदे समर्थक दोन्ही बाजूंना आहेत. काहींच्या मते मत राष्ट्राच्या सदस्यत्वाशी बांधलेले राहिले तरच जमातीचे राजकारण दूर राहते. इतरांना वाटते, तिथेच कायम राहणाऱ्याला बाहेर ठेवल्यानेच जमाती घट्ट होतात. हे दोन्ही प्रामाणिक धर्मनिरपेक्ष युक्तिवाद आहेत. मात्र २०१२ च्या प्रचारात तिथल्या गृहमंत्र्यांनी परदेशी नगरसेवक शाळेच्या जेवणात हलाल सक्तीचे करतील अशी भीती घातली, तेव्हा तो युक्तिवाद राहिला नाही. ती मागच्या दाराने लावलेली धर्माची अट होती. शाळेत सक्ती नको असेल तर ती सर्व नगरसेवकांना बांधणाऱ्या कायद्याने थांबते.

आम्हाला जर्मनीचा मार्ग पटतो. ३१ ऑक्टोबर १९९० ला तिथल्या घटना न्यायालयाने परदेशी रहिवाशांना स्थानिक मत देणारे दोन राज्यांचे कायदे रद्द केले आणि रहिवासी आणि मतदार यांच्यातली दरी कमी करायची तर नागरिकत्वाचा कायदा बदला, असे सुचवले. पुढे २००० पासून तो बदललाही: ८ वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व, २०२४ पासून ५ वर्षांनंतर. अर्जदार तुर्की की पोलिश, मुस्लिम की ख्रिश्चन, हा प्रश्न त्या मुदतीत येत नाही. न्यूझीलंड दुसऱ्या टोकाला आहे. कायम रहिवाशाला तिथे १९७५ पासून संसदेचेही मत आहे, उमेदवारी मात्र नागरिकालाच. स्वीडनने १९७६ पासून तीन वर्षे राहिलेल्याला स्थानिक मत दिले. आणि ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा म्हणून तिथल्या संसदेसाठीही मत देतो. नागपूरची लंडनमध्ये नोकरी-शिक्षण करणारी कितीतरी मुले हा हक्क वापरू शकतात.

महापालिकेचे काय? अनुच्छेद ३२६ लोकसभा-विधानसभेपुरता आहे. पालिकांसाठीच्या भाग ९-अ मध्ये मतदाराचे नागरिकत्व सांगणारे वेगळे कलम नाही. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार फोडली जाते, म्हणून ती अट आपोआप येते. विधिमंडळाला विचार करायचाच असेल तर तो असा करता येईल: ५ वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य, मालमत्ता कराच्या पावतीपेक्षा परदेशी नोंदणीच्या कागदांवर भर (भाडेकरू सुटू नये म्हणून), फक्त मत, उमेदवारी नाही. यादी वेगळी नको, त्याच प्रभाग यादीचा पुरवणी भाग असावा, बूथ आणि मशीन तेच. वेगळी पेटी ठेवली की कोणाची मते कुठे गेली हे मोजले जाईल आणि १९०९ चे विष परत येईल. बेल्जियमने २००४ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या देशांतल्या रहिवाशांना स्थानिक मत दिले, पण संविधान पाळण्याची लेखी हमी फक्त त्यांच्याकडूनच घेतली. शपथ घ्यायची तर सर्वांकडून घ्या.

जन्माने जपानी असलेले भदंत सुरई ससाई दीक्षाभूमीच्या कामात आयुष्य घालवून भारतीय नागरिक झाले. नागपूरकरांनी त्यांना परके मानले नाही. तोच न्याय दुसऱ्या धर्माच्या, इथे तितकीच वर्षे राहिलेल्या माणसालाही मिळावा.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. मतदार नोंदणीची बातमी छापताना ‘आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही’ ही ओळ आणि नमुना ७ च्या अपिलाची १५ व ३० दिवसांची मुदत चौकटीत द्यावी.

आपले,
काही वाचक, नागपूर