जुना संगणक वाचला, पण तो बोलतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत जुने संगणक भंगारात घालू नका, त्यांवर लिनक्स (विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली) टाकून वापरा, असा लेख आला होता. सुनेनं तो मला वाचून दाखवला. (वाचून का दाखवावा लागला, ते पुढे सांगते.) सल्ला चांगला आहे, मी तो आधीच मानला होता. पण लेखात सात-आठ प्रोग्राम सुचवले होते आणि प्रत्येकापुढे मोफत, हलका, दिसायला सुटसुटीत असं लिहिलं होतं. तो ऐकून वापरता येतो का, याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला नेमकं तेवढंच हवं असतं.

मी जन्मांध आहे. सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. संगणक शिकले तो चाळिशी उलटल्यावर, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टे या दोन अंध तरुणांनी तो बनवला आणि जगाला फुकट दिला. त्याआधी असा बोलका प्रोग्राम विकत घ्यायचा तर माझ्या दोन पगारांतही भागलं नसतं. माझा संगणक 2015 चा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मोफत सुरक्षा बंद झाली आणि विंडोज 11 या जुन्या यंत्राला चालत नाही. मला काय, आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायच्या असतात. त्यासाठी चाळीस-पन्नास हजार कुठे घालू? भाच्यानं पेनड्राइव्ह आणून उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार टाकला आणि रात्रीच्या गाडीनं तो पुण्याला परत गेला.

दोन दिवस संगणक मुका. पंखा फिरताना ऐकू यायचा, बाकी काही नाही. शेजारचा मुलगा येऊन म्हणाला, "मावशी, सगळं छान दिसतंय की!" शेवटी नागपूरच्या एका अंध मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, विंडोजची खूण असलेलं बटण, ऑल्ट आणि एस एकदम दाब. दाबलं, आणि "स्क्रीन रीडर ऑन" असा आवाज आला. आवाज ओळखीचा! एनव्हीडीएमध्ये मी वर्षानुवर्षं ऐकत आले तोच ई-स्पीक या बोलणाऱ्या यंत्रणेचा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज. नातवंडं त्याची नक्कल करून हसतात, पण परक्या गावाच्या स्टँडवर उतरावं आणि आपल्या गल्लीतलं कुणी हाक मारावं, तसं मला वाटलं. इथल्या स्क्रीन रीडरचं नाव ऑर्का, म्हणजे देवमाशासारखा एक जलचर. या प्रोग्रामांना समुद्रातली नावं द्यायची जुनी रीत आहे म्हणे. इन्सर्ट आणि स्पेस दाबून त्याच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज निवडला तेव्हा कुठे ओव्या ओव्यांसारख्या ऐकू आल्या.

टाइप करायला काहीच अडलं नाही. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांची कीबोर्डवरची मांडणी, इथेही तीच. क उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, अक्षराचा पाय मोडायचा तो डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. बोटांना विंडोज गेल्याचा पत्ताही लागला नाही. इंटरनेटसाठी फायरफॉक्स आणि लिखाणासाठी लिबरऑफिस मी आधीपासून वापरत होते, तेही तसेच चालले. फक्त मंगल हा फॉन्ट इथे नसल्यानं छपाईवाला म्हणाला, ताई, तुमची पानं वाढली. मला मेलीला फॉन्ट काय माहीत!

खरा घोळ पुढे झाला. ध्वनिमुद्रण कापायला, स्कॅन केलेला कागद वाचायला, हिशेब ठेवायला असे लहान-लहान प्रोग्राम हवे होते. एकेक उतरवून बघायचा. एकाची सगळी बटणं नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणायची, कारण बनवणाऱ्यानं चित्रं लावली पण त्यांना नावंच दिली नाहीत. दुसरा प्रोग्राम, टॅबचं बटण दाबलं की, एकाच चौकटीत गोल-गोल फिरवायचा. तिसरा चांगला बोलत होता, पण नवी आवृत्ती आली आणि गप्प झाला. डोळस माणसाला प्रोग्राम वापरण्याजोगा आहे की नाही ते मिनिटात कळतं, मला त्यासाठी संध्याकाळ घालवावी लागते, आणि चूक माझी की प्रोग्रामची हे तरीही कळत नाही. सहा आठवड्यांत अकरा उतरवले, चार राहिले. कागद वाचायला लिऑस सापडलं, केरळातल्या मंडळींनी केलेलं. आत टेसरॅक्ट हा छापील अक्षरं ओळखणारा प्रोग्राम आहे, त्याला मराठी येतं. आमच्या आत्याच्या वहीची छापील प्रत त्यानं बरीचशी बरोबर वाचली. 'ळ'वर मात्र अडखळतो.

तर पहिली विनंती अशी, की सॉफ्टवेअरबद्दल लिहिणाऱ्यांनी एकदा माऊस बाजूला ठेवावा, स्क्रीन रीडर चालू करावा आणि नुसत्या कीबोर्डवर तो प्रोग्राम पाच मिनिटं चालवून बघावा. जे घडेल ते एका ओळीत लिहावं. "ऑर्काबरोबर चालत नाही" एवढं छापलं तरी माझी एक संध्याकाळ वाचेल.

दुसरी विनंती आपल्याच दैनिकाला. आपला ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो आहे. त्यावर ना एनव्हीडीए काही वाचत, ना ऑर्का. म्हणून तो लेख सुनेनं वाचून दाखवला. विंडोज असताना मला वाटायचं, दुसरीकडे गेल्यावर वाचता येईल. आता कळलं, फोटो सगळीकडे फोटोच असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं 42 वं कलम छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर आम्हाला वापरता येईल अशा रूपात मिळावा म्हणून सरकारला उपाय करायला सांगतं. पण मी त्यासाठी सरकारकडे कशाला जाऊ? आपल्याकडे पान लावण्याआधी प्रत्येक बातमी टाइप झालेली असणारच. ती फोटोबरोबर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, ठेवली की झालं.

हे पत्र त्याच जुन्या संगणकावर लिहिलं आहे. छापलंत तर कृपया मजकूर मला ई-मेलनं पाठवा. पेपर घरी येतोच, पण सून माहेरी गेली आहे, पंधरा तारखेशिवाय येणार नाही.

कळावे,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सांगली