चौदा मुलांचा वर्ग बंद करू नका : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

राज्यातल्या एका छोट्या विद्यापीठाच्या दृश्यकला विभागात मी तासिका तत्त्वावर शिकवते. याच विभागात मी चार वर्षं शिकले. विभागाची प्रवेशक्षमता ३० आहे, यंदा पहिल्या वर्षाला १४ मुलं आली. गेल्या महिन्यातल्या बैठकीत आमच्यापुढे एक कागद ठेवला गेला. पटसंख्या कमी असलेल्या विभागांचं ‘समायोजन’ करायचं, पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवायचे, चित्रकला आणि उपयोजित कला दुसऱ्या एका विभागाला जोडून टाकायची, असा तो प्रस्ताव आहे. निर्णय अजून झालेला नाही. होण्याआधी चार गोष्टी आपल्या कानावर घालाव्यात म्हणून हे पत्र.

माझे वडील पेंटर. आमच्याकडे पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि शाळेच्या भिंतीवरचे सुविचार रंगवणारा माणूस. पाटी रंगवण्याआधी ते सुतळीला खडू चोळायचे. एक टोक माझ्या अंगठ्याखाली, दुसरं त्यांच्या. मग मधोमध चिमटीत धरून सुतळी ओढायची आणि सोडायची. फट् असा आवाज व्हायचा आणि पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची. ती शिरोरेषा. ‘अक्षरं वरून टांगायची असतात, खाली उभी करायची नसतात,’ हे त्यांनी मला तिसरीत असताना सांगितलं होतं. ते असं का करतात हे मला कळलं ते विभागात आल्यावर. अक्षरलेखनाच्या तासाला सरांनी बोरू तिरका छाटून हातात दिला आणि ‘क’ काढायला लावला. जाड कुठे येतं, बारीक कुठे होतं, हे बोरूच्या टोकाचा कोन ठरवतो. वडील हेच चपट्या ब्रशने पत्र्यावर करत होते, फक्त त्याला नाव नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी त्यांना ते नाव सांगितलं : अक्षरलेखन. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांची कामं गेली होती, ते घरीच होते. मग दोघांनी मिळून जुन्या ट्रंकेच्या झाकणावर रात्री अकरापर्यंत अक्षरं काढली.

ही घरातली गोष्ट आपल्याला सांगण्याचं कारण आहे. आपल्या कार्यालयातले कागद संगणकावर मराठीत टंकले जातात. विंडोजबरोबर घरोघरी आणि कचेऱ्या-कचेऱ्यांत पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक (फॉन्ट) र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशी सर मुंबईच्या ज. जी. म्हणजे जे.जे. कलासंस्थेत शिकलेले, पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प (डिझाइन) केंद्रात शिकवलेले, आणि कवी. अक्षराचं वळण समजलेला माणूस होता म्हणून संगणकाला मराठी नीट लिहिता आली. हे काम चित्रकलेच्या वर्गातूनच निघतं, दुसरीकडून निघत नाही. कला संचालनालय आपल्याच खात्याखाली येतं, म्हणून हे आपल्याला सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता पटसंख्येचं बोलते. ड्रॉइंग फळ्यावर शिकवता येत नाही. मुलाच्या मागे जाऊन, त्याच्या इझलसमोर, त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवर उभं राहावं लागतं, कारण त्याला तिथून जे दिसतंय ते मला फळ्यापासून दिसत नाही. तीन तासांच्या प्रात्यक्षिकात १४ जणांमागे उभी राहिले तर एकेकाच्या वाट्याला बारा-तेरा मिनिटं येतात. वर्ग साठचा केला तर तीन मिनिटं. तीन मिनिटांत ‘खांदा वर गेलाय’ एवढंच सांगता येतं, तो का वर गेला हे दाखवता येत नाही. अर्थशास्त्राच्या व्याख्यानाचा आणि आमचा वर्ग एकाच गजाने मोजला की आम्ही नेहमीच तोट्यात दिसणार.

गेल्या वर्षी वस्तुचित्रासाठी मी टेबलावर एक सूप, तांब्या आणि निळं फडकं मांडलं. बाकीच्या मुलांनी सुपाची वीण जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा मारून भागवली. एका मुलीने मात्र तासभर तांब्याला हातच लावला नाही. ती कामट्या मोजत होती. दोन वर, दोन खाली, पुढच्या ओळीत एक घर सरकून, त्यामुळे विणीत तिरकी रेघ पडते, ती तिने पकडली होती. मी म्हटलं, इतकं बारीक कशाला, सावली बघ आधी. ती म्हणाली, ‘मॅडम, वीण चुकली तर सुपातून दाणे गळतील.’ तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या बुरूडकाम आहे. सुट्टीत ते चित्र तिने घरी नेलं. वडिलांनी पाहिलं आणि काठाजवळच्या एका पट्टीवर बोट ठेवलं : ही वरून नाही, खालून जाते. सोमवारी तिने ती पट्टी खोडून बरोबर काढून आणली. माझ्या सात वर्षांच्या शिकवण्यात कुणा विद्यार्थ्याचं चित्र याहून चांगल्या नजरेने तपासलं गेल्याचं मला आठवत नाही.

या मुलीला तिच्या बापाचं सूप आणि दुरडी नव्या आकारात, नव्या गिऱ्हाइकासाठी घडवायची आहे. तिला डिझाइन हा शब्दही आमच्याकडेच भेटला. मुंबईला वसतिगृहात ठेवून शिकवण्याची तिच्या घरची ऐपत नाही आणि ऐपत असती तरी आई पाठवायला तयार झाली नसती. आमचा विभाग तिच्या गावापासून एसटीने ५० मिनिटांवर आहे. तो बंद झाला तर ती नागपूरला किंवा मुंबईला जाणार नाही, ती घरी बसेल. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींचं असंच आहे.

कोल्हापुरी चपलेचं प्रकरण आपल्या लक्षात असेलच. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशांकन मिळालं. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसलीच पादत्राणं दाखवली, तेव्हा इकडे गहजब झाला आणि मग कंपनीने भारतीय हस्तकलेचा आधार घेतल्याचं मान्य केलं. राग आम्हालाही आला. पण त्याच आठवड्यात मला दुसराच प्रश्न पडला होता. चपलेच्या कानाचा, म्हणजे बाजूच्या पट्टीचा, आकार गावागावात कसा बदलतो, वेणी कशी घालतात, चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसं कमावतात, याचे मापासह काढलेले आराखडे आपल्याकडे किती आहेत? हे काम चांभाराच्या पडवीत चार-चार महिने बसून करायचं असतं. मोठ्या शहरातली संस्था एका सहलीपुरती येईल, जवळच्या विद्यापीठातली मुलं दर शनिवारी जाऊ शकतात. पैठणी, हिमरू, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा, मिरजेची तंतुवाद्यं, वारली चित्रं, सगळ्यांना हेच लागू आहे. जिथे कारागीर आहे त्याच्या जवळपास कला शिकवणारी जागा हवी.

शहर मोठं असलं तरच चित्रकार घडतो असंही नाही. सय्यद हैदर रझा मुंबईला जे.जे.त येण्याआधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले. कोल्हापूरने आबालाल रहिमान दिले, बाबूराव पेंटर दिले. कोकणात सावर्ड्यासारख्या गावात चित्र-शिल्पकलेचं महाविद्यालय उभं राहिलं आणि तिथल्या मुलांनी नाव काढलं. १८५७ साली सुरू झालेलं सर ज. जी. कला महाविद्यालय २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर एवढ्याच शहरांत आहेत. मधल्या सगळ्या महाराष्ट्रासाठी खासगी आणि अनुदानित महाविद्यालयं आणि आमच्यासारखे विद्यापीठांचे लहान विभाग, एवढंच उरतं.

मुलं कमी का येतात, याचंही खरं उत्तर देते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी लाखो मुलं बसतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण जास्तीचे मिळतात, म्हणून पालक हौसेने बसवतात. दहावी झाली की तेच पालक विचारतात, पुढे काय? पूर्वी उत्तर तयार असायचं : शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. आता ते उत्तर देता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचा निदेशक अर्धवेळ धरलेला आहे, आणि प्रत्यक्षात अनेक शाळांत तोही नाही. वर्षानुवर्षं चित्रकला शिक्षकाशिवाय वाढलेल्या मुलांना आम्ही प्रवेश अर्ज वाटतो. आमच्या बाजूच्याही चुका आहेत. विभागात चार मंजूर पदं, त्यातलं एक भरलेलं, बाकी आम्ही तासिकावाले. तासिकांचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, मग चांगला शिक्षक जाहिरात संस्थेत किंवा अॅनिमेशनमध्ये निघून जातो. हे पाहून कुठला बाप मुलाला आमच्याकडे पाठवेल?

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगते. व्यक्तिचित्रणासाठी मॉडेल लागतं. भाजी मंडईत हमाली केलेले एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे बसायला यायचे. तीन तास न हलता बसणं हे कष्टाचं काम आहे, पाय बधिर होतात. त्यांच्या मानधनाचं बिल मी लेखा विभागाकडे पाठवलं. ते तीनदा त्रुटी काढून परत आलं, कारण अर्थसंकल्पात त्यासाठी लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातंच, नव्हतं. शेवटी ‘किरकोळ’ मध्येही बसलं नाही आणि विभागप्रमुखांनी खिशातून दिले. पुढच्या सत्रात आम्ही मुलांनाच आळीपाळीने बसवलं. सगळी वीस-बावीस वर्षांची, गुळगुळीत चेहऱ्यांची. सुरकुतीखाली हाड कसं असतं हे त्या तुकडीला नीट कधी काढता आलंच नाही. कागदाचंही तसंच. चित्रकलेच्या जाड कागदाच्या पूर्ण कार्ट्रिज शीटवर काम करायला सांगायला माझी जीभ रेटत नाही, मुलं चार तुकडे करून वापरतात आणि हात मनगटापासूनच चालायला शिकतो, खांद्यापासून नाही. प्रयोगशाळेला दरवर्षी रसायनं मंजूर होतात. आमचा कागद, रंग आणि मॉडेल हीच आमची रसायनं आहेत.

मागणं फार मोठं नाही. दृश्यकलेच्या विभागांना पटसंख्येचा वेगळा निकष लावा आणि तो ठरेपर्यंत कुठल्याही विद्यापीठातला असा विभाग बंद किंवा विलीन होऊ देऊ नका. रिक्त पदं भरताना पीएच.डी.च्या मागे न लागता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कामाने नाव कमावलेल्या कलावंताला सहायक प्राध्यापक होण्याची जी वाट ठेवली आहे, ती वापरा. छोट्या विद्यापीठांत ती वाट आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. साहित्य आणि मॉडेल यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष द्या, रक्कम थोडी असली तरी चालेल.

आणखी एक. स्थानिक कलावंत आणि कारागिरांना विद्यापीठात मार्गदर्शक म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वं आयोगाने काढलेली आहेत. त्याखाली मला त्या मुलीच्या वडिलांना एका सत्रासाठी विभागात आणायचं आहे, रीतसर नियुक्तिपत्र आणि मानधन देऊन. प्रस्ताव तयार आहे. विद्यापीठ म्हणतं, शासनाकडून स्पष्ट सूचना नाहीत. त्या सूचना आपल्या एका सहीने येतील.

आपला दौरा आमच्या भागात झाला तर गुरुवारी दुपारी या. त्या दिवशी पहिल्या वर्षाचं वस्तुचित्र असतं. टेबलावर सूप आहे, या वेळी सोबत पितळी घंगाळ ठेवलंय. पुढचे प्रवेश थांबवण्याचा तो कागद त्याच खोलीतल्या कपाटात आहे, तोही दाखवीन.

आपली विश्वासू,
दृश्यकला विभागातली तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका