तक्रार 'सोडवली' म्हणून बंद करण्याआधी हे वाचा

प्रति,
कार्यक्रम विभाग प्रमुख आणि ग्राहक सेवा प्रमुख
(दोघांनाही एकच पत्र, कारण विचारलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवता.)

विषय : नृत्यस्पर्धेच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या टाळ्या-किंकाळ्यांखाली नृत्य ऐकू न येणे, आणि त्याबद्दलची तक्रार न सोडवता बंद करणे.

तुमच्या ग्राहक सेवेशी आत्ताच बोलून फोन ठेवला आहे. यापुढे फोन करणार नाही, म्हणून हे लेखी.

शनिवारचा भाग, तिसरा परफॉर्मन्स. तुमचाच कार्यक्रम आहे, तेव्हा कोणता ते सांगत बसत नाही. त्या मुलीने द्रुत तीनतालात कथकचा तत्कार, म्हणजे पायांनी बोल वाजवणं, सुरू केला त्या क्षणापासून ती नमस्कार करून उभी राहीपर्यंत तिच्या पायांचा एकही आघात मला स्पष्ट ऐकू आला नाही. तबला मधूनमधून डोकं वर काढत होता. लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी, फिरून फिरून वाजणारी धून) कोणत्या वाद्यावर होता, सारंगी की पेटी, हे शेवटपर्यंत समजलं नाही. ऐकू आल्या त्या टाळ्या. त्याही दाद म्हणून दिलेल्या नव्हेत, पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत सलग. मध्ये 'ऊऽऽ', मध्ये शिट्ट्या, आणि चक्कर सुरू झाले तसा साऱ्या सभागृहाने मिळून आकडे मोजण्याचा कार्यक्रम.

कथकमध्ये पाय हे वाद्य असतं. एकेका पायात शंभर किंवा त्याहून जास्त घुंगरू बांधून नर्तकी उभी राहते ती काही छान दिसतात म्हणून नाही. त्या शंभरांतून कधी सगळे वाजवायचे, कधी मोजकेच झणकारायचे, कधी एकच बोलू द्यायचा, यासाठी वर्षानुवर्षं रियाज करावा लागतो. एवढं करून ती मुलगी तुमच्या मंचावर आली. तिच्या पायांपाशी माईक होता. मला तो पडद्यावर दिसला. मग त्या माईकचं तुम्ही काय केलंत?

तिहाईबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. एक बोल तीनदा घ्यायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. पहिल्या पल्ल्याला कान टवकारतात, दुसऱ्याला हिशेब लागतो, तिसऱ्याला श्वास अडकतो आणि सम आली की तोंडून आपोआप 'वाह' निघतं. सगळी गंमत त्या एका जागेसाठी असते. तुमच्याकडे पहिल्याच पल्ल्याला सभागृह उसळतं. विनोदाचा शेवट सांगायच्या आधीच कोणीतरी खदखदून हसावं तसं. सम आली की नाही, बरोबर आली की मात्राभर हुकली, हे परीक्षकांना कसं कळलं देव जाणे. त्यांनी गुण मात्र दिले.

आणखी एक. तीनतालाच्या १६ मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी असते. नववी खाली, तिथे टाळी देत नाहीत, हात नुसता उलटा करतात. हे शिकणाऱ्या मुलींना पहिल्याच महिन्यात सांगावं लागतं. तुमच्या प्रेक्षकांच्या तालाला खाली नाहीच. सोळाच्या सोळा मात्रा भरलेल्या, आणि वर दोन मात्रांच्या मधल्या जागाही.

आता तो फोन.

तुमच्या प्रतिनिधीने आधी विचारलं, "मॅडम, आवाज येत नाहीये का?"

मी म्हटलं, "येतोय. टाळ्यांचा येतोय. नाचाचा येत नाही."

"म्हणजे आवाज येतोय."

"टाळ्यांचा."

थोडा वेळ शांतता. मग अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलाला समजवावं तसं : "मॅडम, नाचाचा आवाज नसतो. गाण्याचा असतो."

मी घुंगरांबद्दल सांगितलं. पाय कसा वाजतो ते सांगितलं. फोनवर दोन ओळी पढंतही करून, म्हणजे बोल तोंडाने म्हणून, दाखवली, तीही त्याने ऐकून घेतली, याचं श्रेय त्याला देते. सगळं ऐकून तो म्हणाला, "ओके मॅडम. पण घुंगरू दिसतायत ना स्क्रीनवर?"

दिसतायत म्हटलं.

"मग असं करा, टीव्ही म्यूट करून बघा. टाळ्यांचा त्रास होणार नाही आणि पिक्चर एकदम क्लिअर येईल."

म्यूट करून. कथक. मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. बराच वेळ तुमच्याच कार्यक्रमाचं शीर्षकगीत ऐकवलंत (त्यातही टाळ्या आहेत, लक्षात आणून देते). मग वरिष्ठ आले. त्यांनी माझं म्हणणं पुरतं ऐकूनही न घेता विचारलं, "मॅडम, लोक टाळ्या वाजवतायत म्हणजे लोकांना आवडतंय. तुम्हाला डान्स आवडत नाही का?"

माझं वय, माझं शिक्षण, माझ्या वर्गात शिकून गेलेल्या मुली यांतलं काहीही मी त्यांना सांगितलं नाही. फक्त म्हटलं, तक्रार नीट नोंदवा. नोंदवली. कशी, ते नंतर अ‍ॅपमध्ये पाहिलं. तक्रारीचा प्रकार : 'आवाज जास्त'. केलेली कार्यवाही : 'ग्राहकास आवाज कमी करण्याचा सल्ला दिला'. स्थिती : 'सोडवली'. खाली, अनुभव कसा वाटला ते ताऱ्यांत सांगा.

सांगते. ताऱ्यांत बसणार नाही म्हणून इथे.

आधी एक स्पष्ट करते, नाहीतर 'या बाईंना शांतताच हवी आहे' असा शेरा मारून हेही पत्र बंद कराल. टाळ्यांना माझा विरोध नाही. लावणीला शिट्ट्या पडल्याच पाहिजेत. तिथे समोरच्याला डिवचणं आणि त्याने ओरडून उत्तर देणं हा त्या नाचाचाच भाग आहे. कथकची मैफलही मुकी नसते. समेवर 'क्या बात है' म्हणणारा श्रोता नर्तकीला हवाच असतो, ती त्याच्याकडे बघून पुढचा तुकडा सुरू करते. पण तो श्रोता समेची वाट पाहतो. व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीत शेवटच्या मार्चला सगळं सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. तिथे संगीत संचालक लोकांकडे वळून त्यांना हाताने सांगतो : आता हळू, आता थांबा, आता मोठ्याने. तुमच्याकडे लोकांकडे वळून हात वर करणारा माणूस आहे, खात्री आहे माझी. हात खाली करणारा कुठे आहे?

तुमच्या ईमेलमध्ये (तोच, ज्यात माझं आडनाव चुकवलं आहे) दोन कारणं दिली आहेत. एक, 'स्टुडिओतलं लाइव्ह वातावरण प्रेक्षकांपर्यंत पोचवणं हा आमचा हेतू आहे'. दोन, 'ध्वनिपातळी मानकांनुसार आहे'.

लाइव्ह वातावरणाचं बघू. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचापासून २० मीटरवर बसलेल्याची टाळी मंचावरच्या माईकपर्यंत यायला जवळजवळ ५८ मिलिसेकंद लागतात. आता मिनिटाला २४० मात्रांची लय घ्या आणि मात्रेला चार बोल धरा. दोन बोलांमधलं अंतर होतं ६२.५ मिलिसेकंद. म्हणजे मागच्या रांगेतला माणूस अगदी तयार कानाचा असला आणि नेमका लयीत टाळी देत असला, तरी त्याची टाळी मंचावर पुढच्या बोलाच्या अंगावर येऊन पडते. शेकडो माणसं, प्रत्येक जण वेगळ्या अंतरावर. हे वातावरण नव्हे, हा चिखल आहे. टाळीच्या आवाजात बारीक-जाड सगळ्या पट्ट्या एकदम असतात, त्यामुळे घुंगरांचा बारीक आवाज ती सगळ्यात आधी गिळते. म्हणून तर तबल्याचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा जाड आवाजाचा डग्गा, अधूनमधून ऐकू येतो आणि घुंगरू कधीच नाहीत.

मानकांचंही बघू. युरोपीय प्रसारण संघाच्या २०१० च्या शिफारशीत कार्यक्रमाची ध्वनिपातळी उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) ठेवायला सांगितलं आहे. तुमचं मानक याच जातीचं असणार. ते एकूण सरासरी मोजतं. त्या सरासरीत नाच किती आणि आरडाओरडा किती, हे मानक विचारत नाही. नुसता तासभर टाळ्यांचा कडकडाट लावलात तरी तो मानकात बसवता येईल. बसवलाच आहे तुम्ही.

आणि लाइव्ह कसलं? कार्यक्रम आधी मुद्रित होतो, मग कापून-जोडून दाखवता. प्रेक्षकांचे माईक वेगळे, मंचावरचे वेगळे, त्यांचे ट्रॅक वेगळे. मिश्रण करताना कोणीतरी एक कळ हाताने वर सरकवली आहे, म्हणून ते वर आहेत. ती खाली सरकवायला सभागृहाची परवानगी लागत नाही.

त्यात एक शिट्टी मला आता पाठ झाली आहे. आधी वर चढते, मध्येच तुटते, मग पुन्हा चढते. ती लोकनृत्याच्या शेवटी आहे. हिपहॉपमध्ये आहे. भरतनाट्यमच्या वर्णमात नायिका डोळ्यांत पाणी आणून दाराकडे बघते तिथेही आहे. हे गृहस्थ दर चित्रीकरणाला हजर राहून प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच स्वरात शिट्टी घालत असतील तर त्यांचा मंचावर सत्कार करा, गुरू म्हणून मीही येईन. नसतील, तर साठवलेला आवाज वरून ओतता हे तरी मान्य करा. त्यात नवं काही नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे देऊन टाळ्या वाजवणारे बसवत. १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित हसू वाजवणारी पेटीच बनवली. पण पॅरिसच्या त्या भाडोत्री लोकांना निदान कुठे वाजवायचं ते ठरवून दिलेलं असे. तुमच्या लोकांना कुठे थांबायचं तेही कोणी सांगितलेलं नाही.

(ऐन तिहाईला कॅमेरा पायांवरून उचलून परीक्षकांच्या उघड्या तोंडावर नेणं हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. तेही पत्र येईल.)

मला काय हवं आहे ते तुमच्या वरिष्ठांनी विचारलंच नाही. तुमच्या अ‍ॅपमध्ये भाषा निवडायची सोय आहे. एकाच भागाला चार-चार ध्वनिट्रॅक देता. त्यात एक ओळ वाढवा : 'प्रेक्षकांच्या आवाजाशिवाय'. तंत्र नाही असं म्हणू नका. २०२० मध्ये रिकाम्या मैदानांवर फुटबॉल झालं, तेव्हा ब्रिटनमध्ये इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने घरबसल्या बघणाऱ्यांना नकली गर्दीचा आवाज घ्यायचा की नाही याची निवड दिली होती. दक्षिण कोरियात २०१७ पासून अशी प्रसारण पद्धत वापरात आहे, जिच्यात आवाजाचे घटक वेगळे पाठवून बघणाऱ्याला ते कमी-जास्त करू देता येतात. मी तेवढंही मागत नाही. एक ट्रॅक मागते, जो तुमच्याकडे आधीच तयार आहे आणि ज्याच्यावर तुम्ही नंतर टाळ्या ओतता.

वाईट याचं वाटतं की हीच तुमची वाहिनी पूर्वी रविवारी सकाळी नृत्य दाखवायची. एक सतरंजी, मागे साथीदार, समोर मोजके लोक, आणि घुंगराचा शेवटचा कण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. त्या कार्यक्रमामुळे वर्गात आलेल्या मुली मी शिकवल्या आहेत. आता वर्गातल्या मुली तुमचा कार्यक्रम बघून येतात आणि विचारतात, "ताई, तत्कार साफ नसला तरी चालतो ना? ऐकू तर येतच नाही." तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. नाचाचा आवाज नसतो म्हणे!

वार्षिक वर्गणी आपोआप वळती होण्याची सोय मी आज बंद केली आहे. मुलींच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे पत्र जाणार आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑनलाइन कार्यक्रम दाखवणाऱ्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. तुमच्या त्या अधिकाऱ्याचं पद तुमच्या अ‍ॅपच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरात आहे की ते शोधायला भिंग लागलं, पण सापडलं. त्यांनाही हीच प्रत जाते आहे. तिथेही 'ग्राहकास आवाज कमी करण्याचा सल्ला दिला' असं उत्तर आलं, तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मला माहीत आहे.

उत्तर लेखी द्या. फोन नको, तारे नकोत, म्यूटचा सल्ला तर मुळीच नको. आणि नवा ट्रॅक सुरू करायला वेळ लागणार असेल, तर तोवर निदान शनिवारचा तो तिसरा परफॉर्मन्स टाळ्यांच्या आधीच्या मिश्रणासह अ‍ॅपवर टाका. तिची सम आली होती का, ते मला ऐकायचं आहे, आणि तिच्या घरच्यांनाही ऐकायचं असेल.

सध्या तरी तुमची,
एक वर्गणीदार आणि कथक शिक्षिका